गोठलेल्या तळ्यांची वाट

मार्च महिन्याच्या मध्यास, सूर्य मीन राशीत प्रवेश करतो त्या दिवशी, हिमालयातील गढवाल आणि कुमाऊं या प्रदेशांत 'फूलदेई' नावाचा सण येतो. 'देई' म्हणजे उंबरठा. हा सण मुलांचा आहे. सकाळी गावातील मुले-मुली लहान लहान टोपल्या घेऊन घरोघरी जातात आणि प्रत्येक उंबरठ्यावर फुले वाहतात. त्यांत बांधावर उमलणारी फ्योंलीची पिवळी फुले असतात, तशीच बुरांस नावाच्या वृक्षाची लालभडक फुलेही असतात. घरातील वडील मंडळी मुलांना तांदूळ, गूळ, क्वचित एखादे नाणे देतात. हिवाळा संपला, वसंत आला, असे सांगण्याचा मान त्या दिवशी मुलांकडे असतो.

परंतु त्याच दिवशी, त्याच डोंगरावर, पायी एक-दोन दिवसांच्या अंतरावर वसंताची चाहूलही लागलेली नसते. तेथे बेकलताल आणि ब्रह्मताल अशी दोन तळी आहेत. पहाडी लोक तळ्याला 'ताल' म्हणतात. हिवाळ्यात ही तळी गोठून जातात आणि मार्चमध्येही पुष्कळदा त्यांच्यावर बर्फाचे झाकण असते. उंबरठ्यावरील फुलांपासून या बर्फापर्यंत जाणारी वाट म्हणजे एका ऋतूतून मागच्या ऋतूत जाण्याची वाट होय. ही वाट फार लांब नाही, फार बिकटही नाही. तथापि तिच्यावर पाऊल टाकणाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असावी लागते. पायाखालचे हिम सकाळी एक असते, दुपारी दुसरे.

ही तळी उत्तराखंड राज्याच्या चमोली जिल्ह्यात आहेत. हृषीकेशहून निघालेला रस्ता गंगेच्या आणि मग अलकनंदेच्या काठाने देवप्रयाग, रुद्रप्रयाग अशी गावे मागे टाकीत कर्णप्रयागास पोहोचतो. तेथे पिंडर नदी अलकनंदेला मिळते. पुढे पिंडरच्या काठाने थराली आणि देवाल ही गावे लागतात आणि अखेर वळणावळणांनी चढत रस्ता लोहाजंग नावाच्या खिंडीत येतो. येथे देवीने लोहासुराशी युद्ध केले, अशी कथा लोक सांगतात. लोहाजंगची उंची सुमारे २,३०० मीटर आहे. येथून पायवाट सुरू होते. बेकलताल सुमारे ३,००० मीटरांवर आणि ब्रह्मताल सुमारे ३,२०० मीटरांवर आहे. त्याच्याही वर जो डोंगराचा माथा आहे, तो ३,७०० मीटरांच्या आसपास भरतो.

उंचीचे हे आकडे कोरडे वाटतील. पण ऋतूंचे कोडे त्यांनीच सुटते. हवेत दर हजार मीटर वर चढले की तापमान सामान्यतः साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. लोहाजंगला पारा १० अंशांवर असेल, तर माथ्यावर तो १ अंशाच्या जवळ आलेला असतो. म्हणून वसंत हिमालयात एकदम येत नाही. तो दरीतून निघतो आणि एकेक पायरी चढत माथ्यावर पोहोचतो. या चढाईला त्याला दोन-तीन महिने लागतात.

या डोंगरावर हिम येते तरी कोठून? महाराष्ट्रात पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारे हिवाळ्यात नसतात. हिमालयाचे हिवाळी हिम पश्चिमेकडून येते. भूमध्य समुद्राच्या बाजूस निर्माण झालेली वादळी आवर्ते इराण, अफगाणिस्तान असा प्रवास करीत आपल्या देशाच्या उत्तर भागात शिरतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ असे नाव आहे. मैदानात त्यांच्यामुळे गहू-हरभऱ्याला उपकारक असा पाऊस पडतो आणि डोंगरावर हिम पडते. जानेवारी-फेब्रुवारीत या विक्षोभांचा जोर असतो. मात्र मार्चमध्ये ते थांबलेले असतात असे समजून चालणारा मनुष्य फसतो. चार दिवस लख्ख ऊन पडल्यावर पाचव्या दिवशी गुडघाभर नवे हिम पडल्याची उदाहरणे तेथे नित्याची आहेत.

येथे दोन शब्दांचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. मराठीत आपण आकाशातून भुरभुरणाऱ्या पांढऱ्या कणांनाही बर्फ म्हणतो आणि सरबतात टाकावयाच्या खड्यालाही बर्फच म्हणतो. महाराष्ट्रात आकाशातून गारा पडतात, हिम पडत नाही. तेव्हा एका शब्दावर भागते. डोंगरी माणसाचे तसे भागत नाही. गढवाली बोलीत हिमाला 'ह्यूं' म्हणतात आणि हिवाळ्याला 'ह्यूंद'. मौज अशी की, मराठीतील 'हिवाळा' या शब्दातही तेच 'हिम' दडलेले आहे. हिम म्हणजे वाफेपासून ढगात तयार झालेले नाजूक स्फटिक. त्यांच्या थरात बहुतांश हवाच असते. दहा सेंटिमीटर ताजे हिम वितळविले, तर साधारणतः एक सेंटिमीटर पाणी हाती येते. बर्फ म्हणजे पाणीच थिजून झालेला घट्ट पदार्थ. तळ्याच्या वाटेवर हिम भेटते आणि तळ्यावर बर्फ भेटतो. दोघांचे स्वभाव वेगळे, दोघांचे धोकेही वेगळे.

लोहाजंगहून निघाल्यावर प्रथम रान लागते. बांज आणि खरसू या ओक जातीच्या वृक्षांची ही दाट राई आहे. त्यांच्या खोडांवर शेवाळाची जाड साल चढलेली असते. मधूनमधून बुरांसाचे वृक्ष दिसतात. खालच्या बाजूस त्यांची फुले रक्तासारखी लाल असतात. जसजसे वर जावे तसतसा हा रंग फिकट होत गुलाबी होऊ लागतो, आणि त्याहून वर गेल्यावर फांद्यांवर फक्त मिटलेल्या कळ्या दिसतात. दिनदर्शिका न पाहता केवळ या वृक्षाकडे पाहूनही आपण किती उंच आलो, याचा अदमास करता येतो.

याच रानात हिमाची पहिली ओळख होते. वाटेच्या एका वळणावर जमीन कोरडी असते. वळण संपून डोंगराची दुसरी कूस लागते, तो घोट्यापर्यंत हिम! उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेच्या बाजूने फिरतो. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन सरळ पडते आणि तेथील हिम लवकर वितळते. उत्तरेकडे तोंड असलेला उतार दिवसाचा बराच वेळ सावलीत राहतो. तेथे महिना-दीड महिना अधिक हिवाळा असतो म्हटले तरी चालेल. गावे, शेते आणि गुरांच्या वाटा उन्हाच्या बाजूस का असतात, हे येथे सांगावे लागत नाही.

सावलीतल्या या हिमावर पहाटेच्या पाहुण्यांची पावले उमटलेली असतात. कोल्ह्याची पावले एका रांगेत, जणू दोरी धरून गेल्यासारखी दिसतात. मोठ्या पक्ष्याच्या तीन बोटांचे ठसे दिसले, तर ते मोनालचे असण्याचा संभव असतो. मोनाल हा उत्तराखंडाचा राज्यपक्षी होय. नराच्या पिसांवर हिरवा, निळा, जांभळा, तांबूस असे रंग धातूसारखे चमकतात. हिवाळ्यात तो अन्नासाठी खाली रानात उतरतो आणि बळकट चोचीने हिम व माती उकरून कंदमुळे व किडे शोधतो.

आता हिमाच्या दिनक्रमाकडे वळू. सबंध वाटेवरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

मार्चमधील दुपारी ऊन कडक असते. हिमाच्या वरच्या थरातील कण अंशतः वितळतात आणि त्यांच्यामधील फटींत पाणी झिरपते. सूर्य मावळल्यावर हे पाणी पुन्हा गोठते आणि कणाला कण जोडला जातो. सकाळपर्यंत हिमावर एक कठीण कवच तयार होते. पहाटे त्याच्यावर पाय टाकला तर पाय रुतत नाही, उलट घसरतो. म्हणून वाटाडे बुटांना लोखंडी काटे बांधावयास सांगतात. आठ-नऊ वाजता ऊन वर आले की कवच किंचित मऊ होते. पायाला पकड मिळते, तरी वजन पेलले जाते. चालण्यास हीच वेळ उत्तम. अकरा-बाराच्या सुमारास कवच फुटू लागते आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. एकेक पाय उपसून काढताना बळकट माणूसही थकून जातो. दुपारनंतर उभ्या उतारांवरील ओले हिम जड होते, त्याच्या तळाशी पाणी साचते आणि कधी कधी सबंध थरच निसटून खाली येतो. यालाच हिमलोट म्हणतात. असे लोट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून सौम्य उतारावर हिम टिकून राहते. त्याहून उभ्या कड्यावर ते फारसे साचतच नाही. अडचण ही की, ३० ते ४५ अंशांचा उतार डोळ्यांना अगदी चढण्याजोगा आणि घसरगुंडीसारखा मोहक दिसतो.

म्हणून जाणता वाटाड्या पहाटे निघतो आणि दुपारी मुक्कामावर पोहोचलेला असतो. मात्र निघण्यापूर्वी रात्री तो एक गोष्ट करतो. तो तंबूबाहेर येऊन आकाश पाहतो. चांदण्या स्वच्छ दिसत असतील तर तो समाधानाने झोपी जातो. निरभ्र रात्री हिम आपली उष्णता मोकळ्या आकाशात सोडून देते आणि चांगले गोठते. आकाश ढगांनी झाकलेले असेल, तर ढग गोधडीसारखे काम करतात. उष्णता बाहेर जात नाही आणि सकाळी कवच कच्चेच राहते. अशा सकाळी हवा उबदार वाटते, नवखे लोक आनंदतात आणि वाटाड्याचा चेहरा मात्र गंभीर असतो. शहरात उबदार रात्र ही सुखाची. येथे ती धोक्याची सूचना.

हिमावर चालताना माणसे एकामागे एक चालतात. पुढला माणूस बुटाने ठोकर मारून पायरी करतो आणि मागचे तिच्यातच पाय ठेवतात. पुढे चालण्याचे काम कष्टाचे असल्याने ते आळीपाळीने करावे, असा शिरस्ता आहे. वाट सोडून झाडाच्या बुंध्याजवळ किंवा मोठ्या खडकाजवळ जाणे टाळतात. काळसर वस्तू ऊन शोषून तापते आणि तिच्याभोवतीचे हिम आतून वितळून पोकळ होते. वरून मात्र सपाट दिसते. ओढ्यावरील हिमाचेही तसेच असते. खालून वाहते पाणी हिम खात असते आणि वर पुलासारखी कमान उरते. काठी टोचून पाहिल्याखेरीज त्या पुलावर कोणी पाऊल टाकीत नाही. हिमाखालून पाण्याचा आवाज येत असेल, तर तो लक्षपूर्वक ऐकावा.

बेकलताल रानाच्या कुशीतच आहे. चारी बाजूंनी झाडी असल्याने तळ्यावर सावली पडते आणि बर्फ उशिरापर्यंत टिकतो. काठाशी एक लहानसे देऊळ आहे. तळे पाहिल्यावर बर्फावर धावत जाण्याचा मोह लहानांनाच काय, मोठ्यांनाही होतो. तो मोह का आवरावा, हे समजण्यासाठी तळे कसे गोठते ते पाहिले पाहिजे.

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात आणि जड होतात. पाणीही होते, परंतु ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याहून थंड झाले की ते प्रसरण पावू लागते. म्हणून हिवाळ्यात ४ अंशांचे जड पाणी तळाशी जाऊन बसते आणि त्याहून थंड, हलके पाणी वर राहते. तेच प्रथम गोठते. बर्फ पाण्याहून हलका असल्याने तरंगतो आणि तळ्यावर झाकण बसते. या झाकणाखाली, हिवाळा कितीही कडक असला तरी, खोल पाणी द्रवरूपच राहते आणि पाण्यातील जीव जगतात. पाण्याचा स्वभाव असा विलक्षण नसता, तर बर्फ तळापासून साठत गेला असता आणि उथळ तळ्यांत काहीच जिवंत उरले नसते.

परंतु हे झाकण सगळीकडे सारखे जाड नसते. बर्फावर हिम पडले की ते पांघरुणासारखे काम करते, वरची थंडी खाली पोहोचत नाही आणि बर्फ जाड होण्याचे थांबते. जेथे ओढा तळ्यात येतो आणि जेथून पाणी बाहेर पडते, तेथे हलत्या पाण्यामुळे झाकण पातळच असते. वसंताच्या आरंभी काठावरचे दगड व माती तापतात आणि तळे प्रथम कडेने सुटते. याशिवाय जुन्या बर्फात ऊन शिरून त्याचे कणाकणांतील सांधे सैल करते. असा बर्फ दिसावयास जाड, पण आतून मेणबत्त्यांची मोळी उभी करून ठेवावी तसा सुटा झालेला असतो. हिवाळ्यात दहा सेंटिमीटर जाडीचा काचेसारखा स्वच्छ बर्फ एका माणसाचे वजन पेलतो. मार्चमधील पांढुरक्या किंवा करड्या बर्फाची याहून दुप्पट जाडी असली, तरी तिचा भरवसा नाही. म्हणून या ऋतूत तळ्यावर पाऊल टाकावयाचेच नाही, असा नियम आहे, आणि त्याला अपवाद नाही.

तरीही कोणी बर्फ फुटून पाण्यात पडलाच, तर दुसऱ्याने धावत त्याच्याजवळ जाऊ नये. तसे केल्यास एकाऐवजी दोघे पाण्यात पडतात. काठावर पालथे निजून दोर, काठी किंवा लांब फांदी पुढे करावी. पालथे निजल्याने अंगाचे वजन मोठ्या जागेवर विभागले जाते. पडलेल्याने ज्या बाजूने तो आला त्याच बाजूस वळावे; कारण तेवढ्या बर्फाने त्याला काही वेळ तरी पेललेले असते. बाहेर येताच ओले कपडे उतरवून कोरडे घालावयास हवेत.

बेकलतालहून वर चढताना झाडे विरळ होत जातात आणि मग संपतात. पुढे नुसते उघडे, पांढरे उतार. आता सूर्य वरूनही भाजतो आणि खालूनही. ताजे हिम त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी दहात आठ-नऊ भाग परत फेकते. नाकाच्या खालच्या बाजूस आणि हनुवटीखाली त्वचा जळते, यावरून त्याची प्रचीती येते. डोळ्यांना काळा चष्मा न लावता दिवसभर चाललेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत काही होत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू घातल्यासारखी आग होते आणि प्रकाश सोसवत नाही. याला हिमांधता म्हणतात. आकाशात पातळ ढग असले की लोक चष्मा काढून ठेवतात. वास्तविक अपाय करणारे किरण पातळ ढगांतून सहज येतात.

ब्रह्मतालाजवळ हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ दोन-तृतीयांश भरतो. एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. म्हणून सावकाश चढावे, भरपूर पाणी प्यावे आणि डोके सतत दुखू लागले, मळमळू लागले, तर ते लपवू नये. यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे. विरळ हवेचा परिणाम चुलीवरही होतो. येथे पाणी सुमारे ९० अंशांसच उकळते. ते कितीही खळखळले तरी त्याहून फारसे तापत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही. पहाडी लोकांच्या जेवणात मंडुव्याची भाकरी आणि गहतची डाळ असते. मंडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ! कोकणातील मुलाला हे जेवण मुळीच परके वाटणार नाही; फक्त कुळीथ शिजेपर्यंत त्याला बराच धीर धरावा लागेल.

ब्रह्मदेवाने या तळ्याकाठी तप केले, अशी लोकांची समजूत आहे. तळ्याहून वर, डोंगराच्या माथ्यावर पोहोचले की समोर अकस्मात त्रिशूळ (७,१२० मीटर) आणि नंदाघुंटी (६,३०९ मीटर) ही शिखरे उभी राहतात. टॉम लाँगस्टाफ हा इंग्रज गिर्यारोहक १२ जून १९०७ रोजी त्रिशूळावर चढला. त्याच्याबरोबर ब्रोशेरेल हे दोघे इटालियन बंधू आणि करबीर नावाचा गुरखा होता. सात हजार मीटरांहून उंच शिखरावर माणसाने पाऊल ठेवल्याची ही पहिली निर्विवाद नोंद मानली जाते. त्रिशूळाच्या पायथ्याशी, डोंगरांच्या आड, रूपकुंड नावाचे आणखी एक तळे आहे. १९४२ साली वनखात्याच्या एका अधिकाऱ्याला त्याच्या काठी पुष्कळ माणसांच्या अस्थी आढळल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनीही त्यांचा अभ्यास केला आहे. २०१९ साली ३८ जणांच्या अस्थींची तपासणी प्रसिद्ध झाली. तीवरून असे दिसले की, ही माणसे एकाच वेळी मेली नव्हती. काही हजार-बाराशे वर्षांपूर्वीची आणि भारतीय वंशाची होती, तर काही जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीची आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील लोकांशी नाते सांगणारी निघाली. ती तेथे का आली आणि कशाने मेली, याविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही.

माथ्यावरही पाऊल जपून टाकावे लागते. वारा हिम वाहून नेतो आणि कड्याच्या पलीकडच्या बाजूस त्याचा छज्जा तयार करतो. वरून पाहणाऱ्याला तो भक्कम जमिनीसारखा वाटतो. त्याच्या खाली मात्र मोकळी दरी असते. छायाचित्र काढण्यासाठी दोन पावले पुढे सरकणारा माणूस कधी कधी त्याच्यावर उभा असतो.

या सर्वांहून मोठा शत्रू कोणता, असे विचारले तर वाटाडे हिमाचे नाव घेत नाहीत. ते ओलेपणाचे आणि वाऱ्याचे नाव घेतात. २०२४ च्या जून महिन्यात गढवालातीलच सहस्रताल या उंचावरील तळ्याच्या वाटेवर बावीस जणांचा एक गट परतताना हिमवादळात सापडला. गटातील बहुतेक लोक कर्नाटकातील होते. त्यांना वाट दिसेनाशी झाली आणि नऊ जण थंडीने मरण पावले. उरलेल्यांना सोडविण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे गेली. तो मार्च नव्हता, जून होता, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

माणसाच्या अंगाभोवती त्याच्या स्वतःच्या उष्णतेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. लोकरीचे कपडे हा थर धरून ठेवतात. वारा तो उडवून नेतो. कपडे भिजले तर हवेच्या जागी पाणी येते, आणि पाणी अंगातील उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेते. प्रथम अंग कुडकुडते. पुढे बोटांना गाठ सोडता येत नाही, बोलणे अडखळू लागते, माणूस उगाच चिडतो किंवा गप्प होतो. त्यानंतर कुडकुडणे थांबते. पाहणाऱ्याला वाटते, बरे वाटू लागले. वस्तुतः शरीराची उष्णता निर्माण करण्याची शक्ती संपत आलेली असते. अशा माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या पुढच्या व मागच्या सोबत्याकडे लक्ष ठेवावयाचे असते. सोबती अडखळू लागला की तेथेच थांबून आडोसा करणे, त्याचे ओले कपडे बदलणे आणि शुद्धीवर असल्यास त्याला गोड, गरम पेय देणे, ही कामे त्वरेने करावी लागतात. आणि ढग पश्चिमेकडून दाटू लागले, वारा फिरला, तर तळे अर्ध्या तासावर असले तरी माघारी वळावे लागते. वाटाड्याने हा निर्णय दिला की त्याच्याशी वाद घालणारे यात्रेकरू असतात. खर्च केलेले पैसे आणि दूरचा प्रवास ते बोलून दाखवितात. वाटाड्या ऐकून घेतो आणि परतीची वाट धरतो.

चढताना जे पांढरे उतार लागले, त्यांच्याखाली गवत निजलेले असते. या उंचावरील कुरणांना बुग्याळ म्हणतात. हिम वितळू लागते तेव्हा तेथील माती लोण्यासारखी मऊ होते, आणि चिखल टाळण्यासाठी वाटेच्या कडेने चालणाऱ्यांच्या पायांनी गवताची मुळे उखडतात. थंड हवेत ती माती पुन्हा गवत धरावयास पुष्कळ वर्षे घेते. २०१८ साली उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली. चिखलातूनच, पण वाटेवरूनच चालावे, असे वाटाडे सांगतात ते याचसाठी. त्याने बूट भरतात, आणखी काही बिघडत नाही.

परतीच्या दिवशी उतरणारा मनुष्य वसंताला वाटेत भेटतो. वर मिटलेल्या कळ्या, खाली गुलाबी फुले, त्याखाली लाल. तळ्याच्या सांडीतून सकाळी थेंब थेंब गळणारे पाणी दुपारी खळाळू लागते आणि रात्री पुन्हा गप्प होते. ओढ्याकाठी राहणारे लोक पाण्याच्या आवाजावरून वरती ऊन कितपत होते ते ओळखतात. हे पाणी रानातून उतरून पिंडरला मिळते, पिंडर कर्णप्रयागास अलकनंदेला मिळते आणि देवप्रयागास अलकनंदा व भागीरथी यांचा संगम झाला की त्या पाण्याला गंगा हे नाव पडते. लोहाजंगच्या उतारावरील घरांच्या उंबरठ्यांवर फूलदेईची फुले तोवर सुकलेली असतात. काही ठिकाणी तो सण एक दिवस चालतो, काही ठिकाणी महिनाभर. तेथे सकाळी ताजी फुले पडलेलीही दिसतात.